रुळांवरचा गायक : जिमी रॉजर्स

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत एका अमेरिकन गायकाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आमच्या सभासदांपैकी अनेकांच्या घराण्यांचा या प्रांताशी पहिला संबंध आला तो रेल्वेच्या नोकरीमुळे. बदलीचा हुकूम खिशात घालून आमचे वडीलधारे इकडे आले, येथील भाषा आणि येथील गाणी त्यांच्या कानांवर पडली, आणि त्यांतले पुष्कळसे नकळत आमच्या घरात येऊन राहिले. परक्याचे किती घ्यावे, घेतलेले आपले केव्हा होते, आणि त्याचे ऋण कसे मानावे, हे प्रश्न बृहन्महाराष्ट्रातील मराठी माणसाला केवळ पुस्तकातले नाहीत. ज्याला अमेरिकेत ‘कंट्री’ संगीताचा, म्हणजे तेथील गोऱ्या ग्रामीण समाजाच्या गायकीचा, जनक म्हणून गौरविले जाते, तो जिमी रॉजर्स हा रेल्वेतला एक साधा ब्रेकमन होता, आणि त्याचे सारे गाणे इतरांकडून घेतलेल्या सुरांवर उभे होते. त्याची जीवनकथा म्हणूनच आम्हांस आपल्या वाचकांपुढे ठेवावीशी वाटली.

जिमीचा जन्म ८ सप्टेंबर १८९७ रोजी झाला. अमेरिकेच्या दक्षिणेकडील मिसिसिपी राज्यातले मेरिडियन हे गाव तो आपले गाव मानीत असे. मेरिडियन म्हणजे अनेक लोहमार्ग एकत्र येणारे जंक्शन. वडील ॲरन रॉजर्स हे रेल्वेत गँगचे मुकादम होते. आई एलायझा जिमीच्या लहानपणीच निवर्तली. मग काही काळ नातेवाइकांकडे, काही काळ वडिलांबरोबर असे त्याचे बालपण गेले. शाळेत तो फारसा रमला नाही. बाराव्या-तेराव्या वर्षी गावातल्या गाण्याच्या एका चढाओढीत त्याने बक्षीस मिळविले आणि लगोलग तो एका फिरत्या ‘मेडिसिन शो’बरोबर निघून गेला. त्या काळी कसलीशी रामबाण औषधे विकणारे लोक गावोगाव हिंडत, आणि गर्दी जमविण्यासाठी गाणी व नकला यांचा खेळ लावीत. आपल्याकडील वैदू आणि तमाशाचा फड एकाच गाडीतून आले तर जे दृश्य दिसेल, तसेच काहीसे ते असे. हे वेड फार दिवस टिकले नाही. वडिलांनी मुलाला परत आणले आणि आपल्याच हाताखाली कामाला लावले.

येथून जिमीचे खरे शिक्षण सुरू झाले. लोहमार्गावर रूळ सरळ करणारे, खडी भरणारे गँगमन बहुतेक कृष्णवर्णीय होते. त्यांना पाणी पाजण्याचे काम या पोरगेल्या पाणक्याकडे असे. रूळ हलवायचा तर दहा-बारा जणांचा जोर एकाच क्षणी लागावा लागतो; त्यासाठी एकाने गाण्याची ओळ म्हणायची आणि इतरांनी ठेक्यावर पहारी रेटायच्या, अशी त्यांची पद्धत होती. ते गाणे जिमीच्या कानांत जन्मभर राहिले. ‘ब्लूज’ म्हणून ओळखला जाणारा कृष्णवर्णीयांचा गीतप्रकारही त्याने येथेच आत्मसात केला. त्याची घडण साधी असते : एक ओळ म्हणावयाची, तीच पुन्हा म्हणावयाची, आणि तिसऱ्या ओळीत तिचा शेवट करावयाचा. पण दोनदा म्हटलेल्या त्या ओळीत दुःखही मावते आणि दुःखाची थट्टाही.

पुढे जिमी ब्रेकमन झाला. डबे जोडणे-सोडणे, सांधे बदलणे, गरज पडेल तेव्हा धावत्या मालगाडीच्या डब्यांवर चढून हाताने ब्रेक आवळणे, हे ते काम. ऊन, पाऊस, धूर आणि कोळशाची भुकटी यांत दिवस जात. नोकरीही कायमची नसे. वाहतूक कमी झाली की कनिष्ठांना घरी बसावे लागे. अशा बेकारीत तो गिटार किंवा बँजो काखोटीला मारून कोठेतरी गाण्याचे काम शोधी. त्याचा पहिला विवाह टिकला नाही. १९२० साली त्याने मेरिडियनमधल्या एका धर्मोपदेशकाच्या कन्येशी, कॅरी विल्यमसनशी, विवाह केला. पुढल्या वर्षी ॲनिटा ही मुलगी झाली. जून ही दुसरी मुलगी मात्र १९२३ साली अवघ्या सहा महिन्यांची असताना गेली.

त्या दुःखातून सावरण्यापूर्वीच १९२४ साली जिमीला रक्ताची गुळणी आली, आणि क्षयाचे निदान झाले. तो तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. क्षयावर गुणकारी ठरलेले स्ट्रेप्टोमायसिन हे औषध हाती यावयास १९४३ साल उजाडावे लागले. त्यापूर्वी विश्रांती, सकस आहार आणि स्वच्छ हवा यांपलीकडे वैद्यांपाशी काही नव्हते, आणि हातावर पोट असलेल्या माणसापाशी तर तेवढेही नव्हते. कोरड्या हवेसाठी ही मंडळी दूर ॲरिझोना राज्यातील टूसान येथे गेली. तेथे जिमीने रेल्वेत सांधेवाल्याची नोकरी धरली, तीही सुटली. रेल्वेचे काम शरीराला झेपेना. ज्या फुप्फुसांनी रेल्वेची नोकरी घालविली, त्याच फुप्फुसांच्या जोरावर गाऊन पोट भरण्यावाचून त्याला गत्यंतर राहिले नाही. हा निर्णय आज धाडसाचा वाटतो. तेव्हा तो नाइलाजाचा होता.

या भटकंतीच्या काळातील एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. मेडिसिन शोमध्ये जिमी तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीयांच्या नकला करीत असे. गोऱ्या नटांनी असे सोंग आणणे ही तेव्हाची रूढ करमणूक होती, आणि ती अपमानकारक होती. ज्यांच्याकडून सूर घेतले त्यांचेच सोंग आणून हशा मिळवावयाचा, ही विसंगती जिमीच्या आयुष्यात आहे. ती झाकून त्याचे चरित्र लिहिता येणार नाही.

त्याच तंबूंतून त्याला आणखी एक देणे मिळाले. ते म्हणजे ‘योडल’. आल्प्स पर्वतातील गुराखी एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर हाक घालताना आवाज छातीतून एकदम वरच्या पट्टीत फेकतात आणि पुन्हा खाली आणतात. शब्द नसलेली ती लकेर म्हणजे योडल. स्विस गायकांच्या मेळ्यांनी ती अमेरिकेत आणली, आणि नाटकमंडळ्यांच्या रंगमंचावर ती रुळली. जिमीच्या आधीही काही गायकांनी योडल तबकडीवर गाइले होते. जिमीचे नवेपण इतकेच, की त्याने ब्लूजची कडवी म्हणता म्हणता ओळ संपते त्या ठिकाणी ही लकेर आणून ठेवली. आल्प्समधील हाक आणि मिसिसिपीच्या गँगमनचा विलाप यांची गाठ पडली. त्यात रिकाम्या फलाटावर दुरून ऐकू येणाऱ्या इंजिनाच्या शिटीचा भास होई.

१९२७ च्या आरंभी रॉजर्स कुटुंब नॉर्थ कॅरोलायनातील ॲशव्हिल येथे आले. तेथील नव्या रेडिओ केंद्रावर जिमी गाऊ लागला, आणि त्याने काही तरुण वादकांना जमवून एक मेळा उभा केला. त्या उन्हाळ्यात व्हिक्टर कंपनीचे राल्फ पीअर हे ध्वनिमुद्रणाची यंत्रे घेऊन टेनेसी व व्हर्जिनिया या राज्यांच्या सीमेवरील ब्रिस्टल या गावी आले. (ग्रामोफोनपुढे बसलेल्या कुत्र्याचे जे चित्र आपल्या घरांतील एच.एम.व्ही.च्या तबकड्यांवर असे, तेच या कंपनीचेही बोधचिन्ह होते.) टोप्यांच्या एका जुन्या वखारीत त्यांनी ध्वनिमुद्रणाची सोय केली. जिमी आपल्या मेळ्यासह तेथे पोचला खरा. पण आदल्या रात्रीच तबकडीवर नाव कोणाचे यावरून साथीदारांशी तंटा झाला आणि ते वेगळे झाले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी जिमी एकटाच गिटार घेऊन यंत्रापुढे उभा राहिला. त्याने दोन गाणी म्हटली. त्याच दिवसांत, त्याच वखारीत, पुढे तितकेच नामांकित झालेले कार्टर कुटुंबही प्रथम गाऊन गेले होते. अमेरिकन कंट्री संगीताच्या व्यावसायिक उदयाचा क्षण म्हणून इतिहासकार या ब्रिस्टलच्या मुक्कामाकडे बोट दाखवितात.

त्या दोन गाण्यांचा मोठासा बोलबाला झाला नाही. दुसरा कोणी असता तर कंपनीच्या पत्राची वाट पाहत बसला असता. जिमी मात्र नोव्हेंबरमध्ये आपण होऊन न्यूयॉर्कला गेला, हॉटेलात उतरला आणि आपण आल्याचे पीअरना कळविले. ३० नोव्हेंबर रोजी न्यू जर्सीतील कॅम्डेन येथे जी गाणी मुद्रित झाली, त्यांत ‘ब्लू योडल’ हे गाणे होते. १९२८ च्या आरंभी ती तबकडी बाजारात आली आणि तिच्या लाखो प्रती खपल्या. वर्षभरापूर्वी भाड्याची चिंता करणारा ब्रेकमन आता मोठमोठ्या नाट्यगृहांत गाऊ लागला. मार्टिन कंपनीने त्याच्यासाठी घडविलेल्या गिटारीवर त्याचे नाव शिंपल्यांत कोरलेले होते, आणि तिच्या पाठीवर आभाराचा शब्द लिहिलेला होता. गाणे संपले की तो ती गिटार उलटी करून श्रोत्यांना दाखवीत असे. १९२९ साली ब्रेकमनच्या पोशाखातील त्याचा एक छोटा बोलपटही निघाला. आज त्याला गाताना पाहावयाचे तर तेवढेच साधन उरले आहे.

येथे त्या काळच्या व्यापाराची रीत समजून घेतली पाहिजे. अमेरिकेतील कंपन्या गोऱ्या ग्रामीण गायकांच्या तबकड्या एका यादीत छापीत आणि कृष्णवर्णीयांच्या दुसऱ्या यादीत. दुकाने वेगळी, जाहिराती वेगळ्या. या दोन्ही याद्या जन्मास घालण्यात खुद्द पीअर यांचाच हात होता. पण यंत्रापुढे उभा राहिला की जिमी या भिंती जुमानीत नसे. त्याने होनोलुलूकडच्या वादकांना बोलावून हवाईयन गिटारची साथ घेतली. जो कैपो आणि लॅनी मॅकिन्टायर यांच्यासारखे हवाईयन कलावंत त्याच्या तबकड्यांवर वाजतात. त्याने जॅझच्या बँडसह ध्वनिमुद्रण केले. १९३१ च्या जूनमध्ये लुइव्हिल येथे मातीच्या घड्यात फुंकून सूर काढणाऱ्या कृष्णवर्णीय वादकांच्या मेळ्याबरोबर तो गायला, आणि त्याच मुक्कामात कार्टर कुटुंबाबरोबरही. भावगीत, विनोदी गाणे, अंगाईगीत, काऊबॉयचे गाणे, ब्लूज, सारे त्याच्या गळ्यात एकत्र नांदत होते. सहा वर्षांत त्याने सुमारे ११० गाणी मुद्रित केली.

या संमिश्रतेचा सर्वांत उजळ दिवस १६ जुलै १९३० हा होय. त्या दिवशी हॉलिवूडमध्ये ‘ब्लू योडल’ मालिकेतील नववे गाणे मुद्रित झाले, आणि त्यावर ट्रम्पेट वाजविला तो लुई आर्मस्ट्राँगने, पियानो वाजविला तो त्याची पत्नी लिल हार्डिन हिने. जॅझच्या इतिहासातील हा श्रेष्ठ वादक एका रेल्वेवाल्याच्या ओळीमागून ओळ भरून काढतो आहे, असे ते ध्वनिमुद्रण आहे. पण तबकडी निघाली तेव्हा तिच्यावर या दोघांचे नाव नव्हते. गावोगावच्या गोऱ्या श्रोत्यांनी ती तबकडी घरी नेली, आणि तो ट्रम्पेट कोणाचा हे त्यांना कित्येक वर्षे ठाऊक झाले नाही.

न छापलेले नाव हे जिमीच्या चरित्रात पुन्हापुन्हा भेटते. त्याला स्वरलेखन वाचता येत नव्हते, आणि पीअरना तर सतत नवी गाणी हवी असत, कारण नव्या गाण्यांवरच रॉयल्टी मिळे. ही निकड भागविण्यासाठी कॅरीची बहीण एल्सी मॅक्विल्यम्स धावून आली. ती संगीताची जाणकार होती. तिने त्याच्यासाठी अनेक गाणी रचली, कित्येकांच्या चाली कागदावर उतरविल्या. काहींवर तिचे नाव आले, काहींवर आले नाही, आणि तिने त्याचा आग्रहही धरला नाही. मग मेरिडियनच्या लोहमार्गावरील त्या गँगमनांची नावे कोठून सापडणार? त्यांच्या ओळी जिमीच्या नावाने नोंदविल्या गेल्या. कायद्याने त्यात गैर काही नव्हते. पण ज्या ऋणाची नोंद नाही, ते फिटले असेही म्हणता येत नाही.

पैसा आला तसा गेला. जिमीचा हात सढळ होता. ओळखीच्या रेल्वे कामगारांना, भेटेल त्या गरजूला तो देत सुटे. मोटारी आणि कपडे यांचाही त्याला शौक होता. १९२९ साली त्याने टेक्सासमधील कर्व्हिल येथे मोठे घर बांधले. तेथील डोंगराळ हवा क्षयरोग्यांना मानवते, अशी ख्याती होती. परंतु त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत मंदीची लाट आली. १९२७ साली त्या देशात सुमारे दहा कोटी तबकड्या खपल्या होत्या; १९३२ साली तो आकडा साठ लाखांवर आला. जिमीचे उत्पन्न आटले, औषधपाण्याचा खर्च वाढला, घर विकावे लागले, आणि कुटुंब सॅन अँटोनियोतील साध्या घरात राहावयास गेले.

याच पडत्या काळात, १९३१ च्या आरंभी, दुष्काळाने गांजलेल्या दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी रेड क्रॉसने निधी उभारला. सुप्रसिद्ध विनोदी वक्ते विल रॉजर्स यांच्याबरोबर जिमीने त्यासाठी दौरा केला आणि गाऊन पैसा जमविला. त्याच सुमारास त्याने आपल्या रोगावरच एक ब्लूज मुद्रित केले. क्षयाचे नाव घरात दबक्या आवाजात घ्यावयाचे, शेजाऱ्यांपासून लपवावयाचे, अशी तेव्हा सर्वत्र रीत होती. आपल्याकडेही ती फार काळ राहिली. अशा वेळी एका लोकप्रिय गायकाने त्या रोगाचे नाव घेऊन, आपण हरणार हे ठाऊक असल्याचे सांगत, तेही कडवटपणाशिवाय गावे, यात आम्हांस मोठे धैर्य दिसते. गँगमनांकडून त्याने जे घेतले होते, ते येथे खऱ्या अर्थाने त्याचे झाले. दुःखाला हसून सामोरे जाण्याची ती रीत आता त्याला उसनी राहिली नव्हती.

१९३३ च्या मे महिन्यात तो न्यूयॉर्कला गेला. प्रकृती पार ढासळली होती. पण कुटुंबासाठी काही शिल्लक ठेवावयाची तर गाणी मुद्रित करणे हा एकच मार्ग होता. १७ मे रोजी काम सुरू झाले. सोबत परिचारिका होती. ध्वनिमुद्रणाच्या जागेतच त्याच्यासाठी खाट टाकली होती. एक गाणे संपले की तो तिच्यावर पडून राही, आणि श्वास परतला की पुन्हा उभा राही. २४ मे रोजी शेवटची गाणी झाली. अखेरचे गाणे त्याने ब्रिस्टलप्रमाणेच एकट्याने, स्वतःच्या गिटारवर म्हटले. त्यानंतर दोनच दिवसांनी, २६ मे १९३३ रोजी, न्यूयॉर्कमधील टाफ्ट हॉटेलात त्याचा अंत झाला. त्याचे वय पस्तीस वर्षांचे होते.

त्याचे शव आगगाडीने मेरिडियनला आणण्यात आले. रात्री गाडी गावाजवळ आली तेव्हा इंजिनड्रायव्हरने शिटी नेहमीप्रमाणे न वाजविता मंद, लांबलेल्या सुरात वाजविली, असे कॅरीने पुढे आपल्या पुस्तकात नमूद केले आहे. रेल्वेवाल्यांनी आपल्या माणसाला दिलेला तो निरोप होता. लहानग्या जूनच्या शेजारी त्याला मूठमाती देण्यात आली.

मरणोत्तर मानसन्मान पुष्कळ झाले. १९५३ साली मेरिडियनमध्ये त्याचे स्मारक उभे राहिले. १९६१ साली कंट्री संगीताच्या कीर्तिमंदिरात प्रथम ज्या तिघांची निवड झाली, त्यांत तो होता. १९७८ साली अमेरिकन टपालखात्याने त्याच्या स्मरणार्थ तिकीट काढले, आणि १९८६ साली रॉक अँड रोलच्या कीर्तिमंदिरानेही त्याला पूर्वसूरींत स्थान दिले. त्याची ती मार्टिन गिटार कॅरीने अर्नेस्ट टब या तरुण गायकाच्या हाती दिली, आणि त्याने ती कित्येक वर्षे वाजविली. १९७० साली वृद्ध लुई आर्मस्ट्राँग गायक जॉनी कॅश यांच्या दूरदर्शन कार्यक्रमात आला, आणि दोघांनी मिळून तेच नववे ब्लू योडल सादर केले. चाळीस वर्षांपूर्वी तबकडीवर न छापलेले नाव त्या रात्री साऱ्या देशापुढे घेतले गेले. पुढच्या वर्षी आर्मस्ट्राँग निवर्तला.

सुरांची देवघेव एकतर्फी राहिली नाही, हेही नमूद केले पाहिजे. मिसिसिपीतील कृष्णवर्णीय गायक हाउलिन वुल्फ याने जिमीचे योडल गळ्यावर चढवू पाहिले. ते साधेना, तेव्हा त्याच्या गळ्यातून निघाली ती आरोळी, जिच्यावरून तो पुढे जगभर ओळखला गेला. आणि १९५० साली ह्यू ट्रेसी हे संगीत-संग्राहक आफ्रिकेतील केनियात किप्सिगिस जमातीची गाणी मुद्रित करीत असता त्यांना मुलींच्या तोंडी एक गाणे मिळाले. ‘चेमिरोचा’ नावाच्या कोणा अर्ध्या मनुष्याला आणि अर्ध्या हरणाला ते उद्देशून होते. हा चेमिरोचा म्हणजे जिमी रॉजर्स. गोऱ्या लोकांनी तेथे नेलेल्या ग्रामोफोनवर त्याचा आवाज त्यांनी ऐकला होता, आणि असा आवाज निव्वळ माणसाचा नसावा असे त्यांना वाटले होते.

मेरिडियनच्या गँगमनांचे पूर्वज साखळदंडांत आफ्रिकेतूनच आणले गेले होते. त्यांच्या वंशजांकडून एका पाणक्या पोराने घेतलेले सूर असे समुद्र ओलांडून परत गेले. तेथे त्या सुरांच्या धन्याचे नाव कोणाला ठाऊक नव्हते, आणि गाणाऱ्याचे नाव हरणाच्या अंगावर जाऊन बसले होते. आमच्या मंडळाच्या गेल्या पन्नास वर्षांच्या कार्यक्रमांच्या वह्या चाळताना, येथील शेजाऱ्यांकडून आम्ही किती चाली, किती खेळ आणि किती शब्द उचलले ते आमच्या ध्यानात आले. देणाऱ्यांची नावे त्या वह्यांत फारशी नाहीत. पुढील पन्नास वर्षांच्या वह्यांत ती असावीत, एवढेच या निमित्ताने आम्ही आपल्या सभासदांस सुचवितो.